किल्ला भाड्याने देणे आहे

श्रीमंत व्हावंसं वाटणं हा काही आजार नव्हे. पण ते एखाद्याला रात्री जेवताना, तोंडात घास असताना, मेहुण्याचं बोलणं ऐकून अचानक वाटू लागलं, तर मात्र घरच्यांनी काळजी घेतलेली बरी.

मीटरकाकांना ते असंच वाटू लागलं. काका पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीमागे बसत. कुणाच्याही घरी गेले तरी यजमानांच्या आधी त्यांची नजर पाण्याच्या मीटरकडे जाई, म्हणून इमारतीतल्या मुलांनी त्यांना हे नाव दिलं होतं. पुढे ते काकूंच्याही तोंडात बसलं. अर्थात काकांच्या पाठीमागे.

मेहुणा म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ. तो नेमकं काय काम करतो हे त्याच्या सख्ख्या बहिणीलाही सांगता येत नसे. पण तो करतो ते जोरात चाललेलं आहे, असं त्याच्या बोलण्यावरून नेहमीच वाटे. त्या दिवशी त्याने वाटी पुढे सरकवत विचारलं, "भाऊजी, तुमचे झरे किती?"

"झरे?" काका एकदम सावध झाले. "कुठल्या वॉर्डात?"

"उत्पन्नाचे हो! श्रीमंत माणसाचे सात-सात झरे असतात. भाडं, व्याज, शेअर, धंदा... तुमचा एकच, पगार. आणि तोही महिन्यातून एकदाच येतो."

"आणि आला की त्याला गळती," काकू म्हणाल्या.

"माणूस झोपलेला असताना पैसा आला पाहिजे भाऊजी! त्याला म्हणतात संपत्ती."

खरं तर ऑफिसात दुपारच्या चहानंतर काका जी समाधी लावत, ती हिशेबात धरली तर झोपेतलं उत्पन्न त्यांना वर्षानुवर्षं मिळतच होतं. पण हा मुद्दा कुणी काढला नाही. काका हात धुवायला उठले तेव्हाच त्यांच्या डोळ्यांत वेगळी चमक होती, असं काकू पुढे सगळ्यांना सांगत.

पुढचे काही दिवस काकांनी झऱ्यांचा शोध घेतला. शेअर घ्यावेत, तर शेजारच्या टेबलावरचा कारकून शेअर घेतल्यापासून जेवणाच्या सुट्टीत कुणाशी बोलत नव्हता. घरातली एक खोली भाड्याने द्यावी, तर घराला खोल्याच दोन, आणि काकू म्हणाल्या, "मला विचारून ठरवा, कारण भाडेकरूबरोबर मी त्या खोलीत राहणार आहे." कॉलेजात शिकणाऱ्या लेकीने सुचवलं की बाबांनी तक्रारी कशा कराव्यात यावर व्हिडिओ काढावेत. काकांना ती कल्पना आवडली. पण लोक तक्रार कशी करायची हे शिकले, तर खिडकीवर कोण त्यांना तोंड देणार?

तेवढ्यात मेहुणा पुन्हा उगवला. या वेळी तो उभ्यानेच बोलला. "भाऊजी, चला. एक किल्ला विकायचाय."

किल्ला म्हणजे हवा भरून फुगवतात तो. मुलांच्या वाढदिवसाला मैदानात उभा करतात आणि मुलं त्यात उड्या मारतात, तसला. वाढदिवसांचे कार्यक्रम करणारा एक गृहस्थ धंदा आवरून मुलाकडे राहायला चालला होता. त्याच्या शेडमध्ये तो किल्ला उभा होता. लाल भिंती, निळे बुरूज, मधे पिवळी घसरगुंडी. हवा भरणाऱ्या पंख्याच्या जोरावर सबंध किल्ला हळूहळू डुलत होता.

"आत जाऊन बघा," विकणारा म्हणाला. "चपला काढा फक्त."

"मी? छे, छे!" काका म्हणाले. मग त्यांनी चपला काढल्या, चष्मा खिशात टाकला, आणि केवळ मालाची तपासणी म्हणून एक छोटी उडी मारली. किल्ल्याने त्यांना परत वर फेकलं. काकांनी दुसरी उडी मारली. तिसऱ्या उडीला त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो तक्रारींच्या खिडकीमागून कधीच कुणी ऐकला नव्हता. मेहुण्याने बाहेरून विचारलं, "शिवण कशी वाटते?" आतून उत्तर आलं, "हूऽऽऽ!"

खरेदी पक्की झाली.

पैसे आले ते स्वयंपाकघराच्या नव्या ओट्यासाठी काकूंनी बाजूला काढून ठेवलेल्या रकमेतून. जुना ओटा एका बाजूला इतका खचला होता की त्यावर ठेवलेलं लिंबू आपणहून सिंकमध्ये जाई. काका म्हणाले, "अगं, ओटा हा खर्च आहे. किल्ला ही गुंतवणूक आहे. किल्ला तुला असे चार ओटे देईल." काकूंनी ओट्यावरून निघालेलं लिंबू हाताने अडवलं. एवढी वर्षं या माणसाने घरात कधी कशाचा हट्ट धरला नव्हता. भाजीसुद्धा समोर येईल ती खाल्ली. "घ्या," त्या शेवटी म्हणाल्या, "पण ओटा झाला नाही, तर त्या किल्ल्यातच चूल मांडीन मी. लक्षात ठेवा."

आता, फुगवलेला किल्ला हलका दिसतो. हवा काढून गुंडाळलेला किल्ला मात्र एखाद्या राक्षसाच्या अंथरुणासारखा दिसतो, आणि वजनाला त्या राक्षसासकट भरतो. तो लिफ्टमध्ये मावला नाही. म्हणजे अर्धा मावला, आणि लिफ्टला तेवढाही मानवला नाही. शेवटी चौघांनी मिळून जिन्यावरून चढवला, आणि प्रत्येक मजल्यावर दम खायला थांबावं लागल्यामुळे प्रत्येक मजल्याचा सल्ला ऐकावा लागला.

पहिल्या मजल्यावर इमारतीचे सेक्रेटरी राहत. ते बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना सोसायटीच्या नियमांचा आणि कंबरदुखीचा सारखाच अभिमान. "मुदत ठेव!" ते दारात उभे राहून म्हणाले. "अहो, मुदत ठेवीला भोक पडत नाही. आणि लिफ्टमधून व्यापारी माल नेण्याबद्दल तुम्हाला नोटीस येईल."

दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जागा घ्यायची हो काका, जागा! मी दोन घेतल्यात. भाडेकरू देत नाहीत, ती गोष्ट वेगळी." समोरच्या आजींनी दार किलकिलं करून एकच शब्द उच्चारला, "सोनं," आणि कुणी ऐकलं तर नाही ना हे पाहून दार लावून घेतलं.

काकांनी सगळ्यांना घामाघूम स्मित दिलं. सगळ्या मोठ्या उद्योगपतींची सुरुवातीला अशीच थट्टा झाली होती, असं ते जिन्यात मेहुण्याला सांगत होते. कुठल्या उद्योगपतींची, ते मात्र दम लागल्यामुळे सांगता आलं नाही.

किल्ला हॉलमध्ये बसला. त्यासाठी सोफा उभा करावा लागला. बाहेरच्या दारातून स्वयंपाकघरात जायचं तर किल्ल्यावर चढून पलीकडे उतरावं लागे. लेक ते सहज करी. काकू चहाचा कप हातात धरून करत, आणि उतरताना दर वेळी काहीतरी पुटपुटत. काय ते काकांनी कधी विचारलं नाही.

यानंतर परवान्याचं प्रकरण आलं. त्यात एक पेच होता. सरकारी नोकराला परवानगीवाचून खाजगी धंदा करता येत नाही, आणि परवानगी द्यायची ती कार्यालयातल्या बड्या साहेबांनी. साहेबांनी आजवर कुणाला साधी अर्ध्या दिवसाची रजासुद्धा हसत दिली नव्हती. तेव्हा धंदा काकूंच्या नावावर काढायचं ठरलं.

"कागदावर मालक मी?" काकूंनी विचारलं.

"फक्त कागदावर गं."

"मग खरीही मीच. फोन माझा, भाव माझा, गल्ला माझा. तुम्ही पंखा धरा."

काकांचा स्वाभिमान थोडा दुखावला. पण पंखा धरायचं काम तांत्रिक आहे, असं मेहुण्याने पटवून दिल्यावर ते राजी झाले.

परवान्यासाठी काका गेले, ते मालकीणबाईंचे प्रतिनिधी म्हणून. करमणूक विभागाच्या खिडकीने अर्ज वाचला आणि विचारलं, "किल्ला ना? बांधकाम विभागात जा."

बांधकामाच्या खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "मजले किती?"

"मजले नाहीत हो. हवेचा किल्ला आहे."

"पाया?"

"पाया नाही. हवा आहे आत."

"म्हणजे बिनपायाचं बांधकाम," त्या माणसाने पेन उचललं. "हे पाडावं लागेल."

"ते रोजच पाडतो आम्ही! घडी करून!"

"रोज पाडून रोज बांधता? प्रत्येक वेळी वेगळी परवानगी लागेल."

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. लोकांना या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. पण खिडकीच्या अलीकडे उभं राहिल्यावर ती इतकी उंच वाटते, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी आवाज चढवला. आतल्या माणसाने तितक्याच शांतपणे सांगितलं, "तक्रार असेल तर तक्रारींच्या खिडकीवर करा." हे वाक्य काकांचं स्वतःचं होतं! ते दिवसातून कितीदा तरी ते म्हणत, पण ती खिडकी त्यांचीच असल्यामुळे त्यात एवढं काही वाटत नसे.

शेवटी एका वयस्कर बाईंना दया आली. किल्ल्याला छप्पर नाही, म्हणजे ती इमारत नव्हे, असा त्यांनी निकाल दिला. बुरूज आणि भिंती आहेत, म्हणून त्याला 'संरक्षक भिंत, तात्पुरती, रबरी' म्हणून मंजुरी मिळाली. काकांनी घरी येऊन तो कागद उंच धरला आणि किल्ल्यावर चढून नाचवला. काकूसुद्धा हसल्या. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, आता एकदा शिवण तपासून घेऊ. थोडीच हवा भरू. एकच बुरूज."

"घरात?" काकूंनी विचारलं.

"एकच बुरूज, ताई."

हवा भरणारा पंखा भिंतीजवळ लावला. त्याचं बटण पंख्यावर, पंखा कोपऱ्यात, आणि कोपऱ्याच्या पुढ्यात किल्ला. हे तिघांच्या लक्षात आलं, पण किल्ला उठायला लागल्यानंतर. आधी जमिनीवर एक उंचवटा आला. मग एक बुरूज डोकं वर काढून छताला टेकला, वाकला, आणि बाल्कनीची वाट शोधू लागला. "बंद कर!" काका ओरडले. "हात पोचत नाही!" मेहुणा ओरडला, तोवर घसरगुंडीने त्याला उभ्या सोफ्याला चिकटवून टाकलं होतं.

नेमकी तेव्हाच बेल वाजली. लिफ्टची नोटीस घेऊन सेक्रेटरी आले होते. लेकीने दार उघडलं, सेक्रेटरी एक पाऊल आत आले, "सोसायटीच्या नियमानुसार..." एवढं म्हणाले, आणि लाल भिंतीने त्यांना दारामागच्या कपाटावर अलगद दाबून धरलं. फक्त तोंड आणि नोटीस धरलेला हात बाहेर राहिला.

इकडे निळा बुरूज बाल्कनीतून बाहेर पडून रस्त्यावर डोकावत होता. खाली लोक जमले. रिक्षा थांबल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. लेक किल्ल्यावर पोटावर पडून हे सगळं फोनवर टिपत होती. काका छत आणि किल्ला यांच्या मधे अडकले होते. तिथून त्यांना आपलं अर्धं भांडवल रस्त्यावर लटकताना दिसत होतं. पण खरं सांगायचं तर, त्यांना हसू आवरेना. खालून एका बाईने ओरडून विचारलं, "अहो, भाड्याने देता का हो?"

"देतो!" काका छताखालून ओरडले. "मालकीणबाईंना फोन करा!" आणि त्यांनी काकूंचा नंबर सबंध रस्त्याला ऐकवला.

काकू तोवर स्वयंपाकघरात पोचल्या होत्या. त्यांनी शांतपणे ओट्यावर चढून मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला. किल्ल्याने एक लांबलचक सुस्कारा सोडला. सेक्रेटरी कपाटावरून हळूहळू खाली घसरले आणि जमिनीवर बसले. आता काय ऐकावं लागणार म्हणून सगळे त्यांच्याकडे बघू लागले. सेक्रेटरींनी कंबर डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. "कमाल आहे," ते म्हणाले, "मोकळी झाली!" नोटीस द्यायची ते विसरले, आणि जिना उतरताना शीळ घालत होते.

लेकीने तो व्हिडिओ मैत्रिणींना पाठवला. मैत्रिणींनी त्यांच्या आयांना पाठवला. दुसऱ्या दिवसापासून काकूंचा फोन वाजायला लागला. काकू एका हाताने कढई हलवत आणि दुसऱ्या हाताने ऑर्डरी घेत. "शनिवार भरलाय हो. रविवारी सकाळी चालेल?" त्यांचा आवाज असा बदलला होता की काका बाहेरच्या खोलीत उगाच ताठ बसत.

पण पहिलीच ऑर्डर काय होती ते कळल्यावर काकांचं ताठ बसणं संपलं. एका बाईंनी नातवाच्या वाढदिवसासाठी बंगल्याच्या अंगणात किल्ला मागवला होता. काकूंनी पत्ता वाचून दाखवला. तो पाणीपुरवठ्याच्या बड्या साहेबांचा पत्ता होता.

"नाही म्हणून सांग!" काका उठून उभे राहिले. "माझी नोकरी जाईल. पेन्शन जाईल!"

"आगाऊ पैसे घेतलेत मी," काकू म्हणाल्या. "शब्द दिलाय. तुम्ही टोपी घाला आणि पंख्यामागे बसा. ऑफिसात तरी साहेबांनी तुमच्याकडे कधी नीट बघितलंय?"

हे खरं होतं. आणि तेच त्यांना जास्त लागलं.

अंगणात किल्ला उभा राहिला तेव्हा मुलांनी केलेला आरडाओरडा ऐकून, टोपी डोळ्यांवर ओढून पंख्यामागे बसलेल्या काकांचा ऊर भरून आला. पोरं आत शिरली ती शिरलीच. केक कापायची वेळ झाली तरी एकही बाहेर येईना. साहेबांच्या बायकोने हाका मारल्या, साहेबांच्या मुलाने हाका मारल्या. शेवटी साहेब स्वतः उठले. कडक इस्त्रीचा सदरा, कपाळावर ती ऑफिसातली आठी. "हे असं ऐकणार नाहीत," म्हणत त्यांनी बूट काढले आणि नातवाला पकडायला ते किल्ल्यात चढले.

पहिल्या पावलाला ते पडले. किल्ल्याने त्यांना उभं केलं. दुसऱ्या पावलाला पुन्हा पडले, पुन्हा उभे. तिसऱ्या वेळी मात्र ते पडले नव्हते; त्यांनी उडी मारली होती. काकांनी टोपी वर करून पाहिलं. साहेबांच्या कपाळावरची आठी नाहीशी झाली होती. "आजोबा, उंच!" नातू ओरडला. साहेब उंच उडाले. सदरा पँटमधून बाहेर आला. बुरुजाला हात लावून ते खाली आले आणि त्यांच्या तोंडून आवाज निघाला, "हूऽऽऽ!"

तो आवाज काकांच्या चांगलाच ओळखीचा होता.

त्याच घटकेला आत कुणीतरी आईस्क्रीमचं यंत्र लावलं. फ्यूज उडाला. पंखा थांबला. बुरूज एकमेकांच्या गळ्यात पडले आणि लाल भिंतींनी साहेबांना नातवासकट पोटात घेतलं. मुलांना हा खेळाचाच भाग वाटला. ती किंचाळत, हसत दाराने बाहेर आली. साहेब तेवढे आले नाहीत. काका सगळं विसरून आत घुसले, भिंत उचलून धरली, आणि चाचपडत एक हात पकडून ओढला. बाहेर आल्यावर टोपी कुठल्या कुठे गेली होती. साहेब आणि काका अंगणात समोरासमोर गुडघ्यांवर बसले होते.

"तुम्ही?" साहेब म्हणाले. "तुम्ही तक्रारींच्या खिडकीवर ना?"

काकांनी डोक्यावर नसलेली टोपी चाचपली. "साहेब, मी... आमच्या हिचा..."

साहेब उठले, सदरा आत खोचला, आठी जागेवर आणली, आणि केक कापायला गेले.

घरी परतताना काका टेम्पोत गुंडाळलेल्या किल्ल्यावर बसले होते. मेहुणा पंख्याची वायर गुंडाळत होता. काकू म्हणाल्या, "नोकरी गेली तरी बघू. पुढच्या महिन्याचे सगळे रविवार भरलेत." हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की काकांनी मान वळवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. संपत्ती म्हणजे काय, यावर मेहुणा बराच वेळ बोलू शकला असता. काकांना मात्र त्या वेळी टेम्पोतच काहीतरी कळल्यासारखं वाटलं.

सोमवारी शिपाई आला. "साहेबांनी बोलावलंय."

काका उठले. शेजारच्या टेबलावरचा शेअरवाला कारकूनसुद्धा त्यांच्याकडे सहानुभूतीने बघत होता. केबिनमध्ये गेल्यावर साहेब म्हणाले, "दार लावा." काकांनी लावलं. "कडी घाला." काकांनी कडी घातली. खुलासा कसा द्यायचा हे त्यांनी रात्रभर घोकलं होतं: धंदा पत्नीचा, आपण केवळ कौटुंबिक मदतनीस, त्यातही पंख्यापुरते.

साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पुढचा रविवार मोकळा आहे का?"

"मी मोकळाच असतो साहेब. ऑफिसात यायचंय का?"

"तुम्ही नाही हो. किल्ला."

काकांना काही समजेना. साहेबांनी आवाज आणखी खाली आणला. "मुलं नकोत. कुणीच नको. आम्ही दोघंच. हिला उड्या मारायच्यात. काल पाहुण्यांसमोर तिला आत जाता आलं नाही, म्हणून रात्री जेवली नाही ती." मग जरा थांबून, "आणि मलाही."

काकांनी साहेबांकडे पाहिलं. त्यांच्या छातीत काहीतरी भरभर फुगत होतं. एक बुरूज, दुसरा बुरूज. सबंध नोकरीत पहिल्यांदाच ते साहेबांसमोरच्या खुर्चीवर, कुणी बसा न म्हणता, बसले.

"रविवार भरलाय, साहेब," ते म्हणाले. "पण मालकीणबाईंशी बोलून बघतो. शनिवारी संध्याकाळी चालेल?"